टाकी भरली, हे आधी कुणाला कळावं?

कॉलेजात 'हेड' म्हटलं की आपल्याला विभागप्रमुख आठवतात. खलाशांच्या बोलीत मात्र 'हेड' म्हणजे संडास. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची ही सोय अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या डोक्याकडे असायची. तिथे लाटांचं पाणी सतत उडायचं आणि सगळं आपोआप धुऊन जायचं. त्यावरून हे नाव पडलं. पुढे सोय आत केबिनमध्ये आली, नाव तेच राहिलं, आणि संडासाच्या जोडीला एक नवी वस्तू आली: मैल्याची टाकी. होडीवाले तिला होल्डिंग टँक म्हणतात. ही टाकी किती भरली ते दाखवणारं मीटर कसं निवडायचं आणि कसं बसवायचं, यावर हा लेख आहे. साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं वाटेल. पण थोडं वाचा.

माझा मामा वीसेक वर्षं तारवटी होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. मालवाहू जहाजांवर तो फिटर होता. आता रायबंदरला एका खासगी शिडाच्या होडीची देखभाल करतो. होडी छत्तीस फुटी, फायबरची. मालक बाहेरगावचे, सुट्टीत येतात, पाहुणे आणतात. गेल्या डिसेंबरात असेच पाच पाहुणे शनिवारी सकाळी आले आणि होडीवरच राहिले. टाकीचं मीटर शनिवारी दुपारी 'अर्धी' दाखवत होतं. रात्रीही अर्धीच. रविवारी सकाळी संडासाचा हातपंप जड लागायला लागला. पंप जड लागला तर माणूस काय करतो? आणखी जोर लावतो. पाहुण्यांनी तेच केलं. शेवटी काय झालंय ते बघायला मामाने डेकवरचं झाकण फिरवलं. टाकी तोंडापर्यंत भरलेली होती, हवेची नळी तुंबलेली होती आणि आत दाब साठलेला होता. झाकण सुटताच सगळं वर आलं, मामाच्या छातीवर.

पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले आणि टॅक्सी बोलावून ते निघून गेले. डेक, कॉकपिट आणि स्वतःला धुवायचं काम मामाकडे राहिलं. घरी आला तेव्हा मामी दारातच म्हणाली, "आधी न्हाणीत जा, मग काय ते सांग."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बाय, त्या टाकीला नवं मीटर घालायचंय. कागद सगळे इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. रविवारी मिस्सा झाल्यावर ये." मी गेले ती कागद वाचून दाखवायला, पण बादल्याही उचलल्या.

पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. त्या होडीची टाकी ६० लिटरची आहे. हातपंपाच्या संडासात एका वेळी साधारण तीन लिटर पाणी आत जातं असं धरा, तर वीस वेळांत टाकी भरली. पाच पाहुणे आणि मामा मिळून सहा माणसं, दिवसातून चार-चार वेळा, म्हणजे चोवीस. एक दिवससुद्धा पुरत नाही! समोर दिवाडीच्या बोटयार्डात नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली, तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकट्या माणसाचा हिशेब एकट्याच्या डोक्यात राहतो. पाहुण्यांचा हिशेब कुणाच्याच डोक्यात राहत नाही, म्हणून मीटर लागतं.

दुसरी गोष्ट, टाकी रिकामी कुठे करायची. मोठ्या जहाजांना मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. त्याचं चौथं परिशिष्ट २००३ मध्ये अमलात आलं, ते फक्त जहाजांवरच्या मैलापाण्याबद्दल आहे. ढोबळ नियम असा की साठवलेला कच्चा मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू सोडायचा. बारीक करून जंतुनाशक मिसळला असेल तर ३ मैलांच्या पलीकडे चालतं. पण हे परिशिष्ट आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या, ४०० टन किंवा त्याहून मोठ्या, नाहीतर १५ पेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांसाठी आहे. छोटी शिडाची होडी त्या जाळ्यातून सुटते. कुठे कुठे त्यांनाही वेगळे नियम आहेत. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत कुठल्याही होडीने कच्चा मैला सोडायचा नाही. तुर्कस्तानात गोचेकच्या आसपास होड्यांना 'मावी कार्ट', म्हणजे निळं कार्ड ठेवावं लागतं आणि टाकी रिकामी केल्याची नोंद त्यावर होते.

मामाने जहाजावरचा नियमच होडीला लावला आहे. बारा मैल म्हणजे बारा मैल. का, ते रायबंदरला ओहोटीच्या वेळी उभं राहून बघा. माणसं चिखलात वाकून तिसऱ्या नि खुबे वेचत असतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून पोट भरतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात आणि तिथून आपल्या तिसऱ्यांच्या सुक्क्यात. पण १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. पाच नॉटने गेलं तर जायला अडीच तास, यायला अडीच, आणि नदीच्या मुखापर्यंतचा वेळ वेगळा. असा अर्धा दिवस काढायचा तर टाकी खरंच किती भरली आहे हे आदल्या दिवशी माहीत हवं. ते माहीत नसलं की माणूस रात्रीच्या अंधारात नदीतच झडप उघडतो. मामा उघडत नाही, पण उघडणारे असतात.

आता मीटर. जुनं मीटर तरंगत्या गोळ्याचं होतं. टाकीत एक उभी दांडी, तिच्यावर वर-खाली सरकणारा पोकळ गोळा, गोळ्यात चुंबक आणि दांडीच्या आत छोटे स्विच. गोळा जिथे असेल तिथला स्विच लागतो. गोड्या पाण्याच्या किंवा डिझेलच्या टाकीत हे उत्तम चालतं. मैल्याच्या टाकीत मात्र कागद असतो, केस असतात, तेलकट थर असतो. एक दिवस गोळा चिकटतो. चिकटलेला गोळा "बंद पडलो" असं सांगत नाही, तो "अर्धी" असं सांगतो. माझ्या मते मीटर नसण्यापेक्षा हे वाईट. मीटर नसतं तर मामाने सावधगिरीने आधीच पाहुण्यांना जेट्टीवरच्या संडासाची वाट दाखवली असती.

दुसरा प्रकार म्हणजे टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूची टोकं बसवायची. पाणी टोकाला लागलं की वीज वाहते, दिवा लागतो. याची खोड उलटी. आतल्या भिंतीवर ओला थर धरला की त्या थरातूनच वीज वाहते आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. तिसरा प्रकार वरून ध्वनिलहरी सोडून त्या परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारा. तो मैल्याला शिवत नाही हे चांगलं, पण फेस आला, सेन्सरवर वाफेचे थेंब जमले किंवा कागदाचा ढीग बरोबर खाली साचला तर तो गोंधळतो. शिवाय सेन्सरच्या अगदी जवळचे काही सेंटिमीटर त्याला दिसतच नाहीत. उथळ टाकीत तेवढीच उंची महत्त्वाची असते.

मला मनापासून आवडला तो हवेच्या दाबाचा प्रकार. एक बारीक नळी टाकीच्या तळापर्यंत सोडायची, दुसऱ्या टोकाला छोटा हातपंप आणि दाबाचं घड्याळ. पंप मारला की नळीतलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्यासाठी जेवढा दाब लागतो तेवढी खोली. वीज नको, बॅटरी नको. अमेरिकेतल्या कितीतरी होड्यांवर 'टँक टेंडर' नावाचं असं गेज आहे. पंप मारताना नळीचं तोंडही थोडंफार साफ होतं. पण आमची टाकी २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे भरलेली असतानाही दाब जेमतेम ०.०२५ बार. एवढा बारीक फरक दाखवणारं घड्याळ हवं, आणि मुख्य म्हणजे ते आपणहून काही सांगत नाही. कुणीतरी आठवणीने पंप मारायला हवा. पाहुण्यांच्या घरात ते होत नाही, होडीत कुठून होणार?

राहिले बाहेरून बसणारे. यातही दोन जाती. एकीत टाकीच्या बाहेर धातूच्या पातळ पट्ट्या चिकटवतात. भिंतीपलीकडे पाणी आहे की हवा यावरून पट्ट्यांची विद्युत धारकता बदलते आणि मीटर ती मोजतं. अट एवढीच की टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची हवी. स्टीलची टाकी असेल तर ती भिंतच मधे आड येते. भिंत किती जाड चालेल तेही कागदावर दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी जात थरथरीची. स्वीडनचं 'गोबियस' मुळात याच तत्त्वावर आलं. बाहेर चिकटवलेला सेन्सर भिंतीला किंचित थरथरवतो आणि पलीकडे द्रव आहे की हवा हे थरथरीतल्या फरकावरून ओळखतो. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाला, "म्हणजे कलिंगड वाजवून बघतात तसं." अगदी तसंच.

आमची टाकी प्लास्टिकची, म्हणून पट्ट्यांचा संच घेतला. टाकीला नवं भोक पाडायचं नव्हतं हे सर्वांत मोठं कारण. भोक पाडलं की प्लास्टिकचा भुगा आत पडतो, तो पंपात अडकतो, आणि गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी एक दिवस वास सुटतो. तसं म्हटलं तर टाकी पारदर्शक असती आणि समोर दिसत असती तर मार्करची एक रेघ आणि टॉर्च एवढ्यावर भागलं असतं. पण आमची झोपायच्या बाकाखाली आहे, वर गादी आणि गादीवर पाहुणा.

काम सुरू करायच्या आधी टाकी बारा मैलांबाहेर नेऊन रिकामी केली, दोनदा गोड्या पाण्याने धुतली. मग जुना गोळा काढला. इथे मामा एकदम कडक झाला. सगळी झाकणं उघडी, पंखा लावलेला, काडेपेटी जवळ नको आणि मी डेकवर. मैल्यातून मिथेन येतो, तो पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याची खोटी गंमत अशी की प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून माणूस आत वाकतो. मोठ्या जहाजांवर बंद टाकीत उतरायला परवानापत्र लागतं, मामाला ती शिस्त अंगवळणी आहे. इथे तो नुसता हात घालणार होता, तरी तेवढंच सांभाळून. गोळ्याच्या भोकावर त्याने रबरी गॅस्केट घालून जाड प्लास्टिकची चकती स्क्रूने आवळली.

पट्टी चिकटवायची जागा स्पिरिटने पुसून कोरडी केली. आणि इथे आम्ही चुकलो. टाकीची पुढची बाजू ६० सेंटिमीटर रुंद आहे. हात सहज पोचत होता कडेला, म्हणून पट्टी कडेला लावली. जेट्टीवर सगळं झकास चाललं. मग टाकीत अर्धी होईल एवढं गोडं पाणी भरून दुपारच्या वाऱ्यावर आग्वादपर्यंत फेरी मारली. वारा भरला, होडी कलली, मीटर म्हणालं 'भरली'. मामाने शीड फिरवून होडी दुसऱ्या बाजूला कलवली, मीटर म्हणालं 'रिकामी'. मला हसू आवरेना.

घरी येऊन कागदावर मांडलं. होडी २० अंश कलली तर ६० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत दोन कडांच्या पातळीत जवळजवळ २२ सेंटिमीटर फरक पडतो. टाकीची सगळी उंचीच २५. म्हणजे अर्धी टाकी एका कडेला जवळपास रिकामी आणि दुसऱ्या कडेला जवळपास भरलेली. मोटारबोट फारशी कलत नाही, शिडाची होडी चालते ती कलूनच. म्हणून शिडाच्या होडीत सेन्सर टाकीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर हवा. टाकी कललेली असली तरी मधली पातळी जवळपास तिथेच राहते. पुढच्या रविवारी बाकाची फळी काढली, कडेची पट्टी सोलली, ती फाटली आणि वाया गेली. नवी मध्यावर लावली, खालून वर कापडाने दाबत, हवेचा बुडबुडा न ठेवता. तरीही हेलकावे असतातच. आकडा वाचायचा तो नांगर टाकल्यावर, होडी सरळ असताना.

मग मापं. मीटरला 'रिकामी' आणि 'भरली' शिकवावं लागतं. आम्ही दहा लिटरची बादली घेतली. एका बादलीला पातळी चार सेंटिमीटरच्या थोडी वर चढायची, प्रत्येक वेळी टाकीवर चिकटपट्टीची खूण केली. आमची टाकी खोक्यासारखी आहे म्हणून अर्धी उंची म्हणजे अर्धी टाकी. पण बऱ्याच होड्यांत टाकी तळाच्या उताराला धरून पाचरीसारखी बनवलेली असते. पाचर पूर्ण टोकदार असेल तर अर्ध्या उंचीला फक्त पाव टाकी भरते. तिथे बादल्या मोजल्याशिवाय दिव्यांना काही अर्थ नाही. आणि 'भरली'ची खूण तोंडाशी करू नये. हवेची नळी जिथून निघते त्याच्या बऱ्यापैकी खाली करावी, नाहीतर पाणी नळीत चढतं, तिथे सुकतं आणि डिसेंबरची पुनरावृत्ती होते.

वायरिंगबद्दल थोडक्यात. तार कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी, साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून काळी पडते. १२ व्होल्टच्या लाइनवर फ्यूज पॅनेलजवळ लावावा, किती अँपिअरचा ते कागदावर असतं, आमच्यात १ चा होता. जोड होडीच्या तळात जिथे पाणी साचतं त्याच्या वर ठेवावेत. मीटर सतत चालू ठेवायचं का, हाही प्रश्न होता. समजा ते २० मिलिअँपिअर घेतं, तर नुसती उभी असलेली होडी महिन्याला १४ अँपिअर-तास गमावते. दाबल्यावर दिसणारं बटण लावावं तर कुणी दाबत नाही. आम्ही ते केबिनच्या मुख्य स्विचवर घेतलं, माणसं आली की आपोआप चालू.

खरा वाद झाला दिवे कुठे लावायचे यावर. मालक फोनवर म्हणाले, नकाशाच्या टेबलाजवळ, बाकीच्या मीटरांच्या रांगेत, चांगलं दिसेल. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, पंप मारणारा माणूस नकाशाच्या टेबलावर बसत नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. दिवे संडासात, पंपाच्या दांड्यासमोर लागले. चार दिवे, पाव, अर्धी, पाऊण, भरली. पाऊणला बारीक शिट्टीही वाजते. दिव्यांखाली पाटी लिहायचं काम अर्थातच साहित्याच्या विद्यार्थिनीकडे आलं. मी लिहिलं, "तीन दिवे लागले की पंप मारू नका. वर येऊन सांगा." मालकांना इंग्रजी हवं होतं, म्हणून तेच खाली इंग्रजीतही. तीन मसुदे झाले. पहिल्या मसुद्यात 'कृपया' होतं, ते मामाने खोडलं.

मे महिन्यापर्यंत एकदाच घोळ झाला. टाकी उपसल्यावरही पावचा दिवा विझेना. मीटर बिघडलं असं मला वाटलं. मामाला तसं वाटलं नाही. आत तळाशी आणि भिंतीवर थर धरला होता, बाहेरच्या पट्टीलाही तो पाण्यासारखाच दिसतो, फक्त चिकटलेल्या गोळ्याइतका कायमचा नसतो. त्याने आधी हवेच्या नळीच्या बाहेरच्या तोंडातून पाइपने पाणी मारलं, कारण नळी तुंबली आहे हे कुठलंच मीटर सांगत नाही आणि तुंबलेल्या नळीनिशी उपसायला गेलं तर टाकी आत चेपते. मग दोन बादल्या गोडं पाणी टाकीत ओतलं आणि होडी समुद्रात काढली. बारा मैलांपर्यंत लाटांनी घुसळण झाली. तिथे उपसली. परतताना आग्वादच्या आत, नदीच्या शांत पाण्यात आल्यावर मी खाली जाऊन बघितलं, चारही दिवे विझलेले होते.